वीज नव्हती, तरी आरती लख्ख दिसली

मंडळी, आज पहाटे आमच्या कल्याणच्या देवळात काकडआरतीच्या वेळीच वीज गेली. समईच्या उजेडात आरती झाली. मी घंटा वाजवत होतो.

घरी पोचतो तोच माजिवड्याहून दामलेकाकांचा फोन. ते वर्षभर अंथरुणावर आहेत, आरती मोबाइलवरच बघतात. म्हणाले, "आज मूर्ती काय लख्ख दिसली रे! हात जोडूनच बसलो होतो."

पण वीज नसताना कॅमेरा चालला कसा?

थेट प्रक्षेपणाचा खर्च झेपेना, म्हणून आम्ही नवा माणूस नेमला होता. खांबावर कॅमेरा लावून तो घरूनच सगळं चालवायचा. पैसे निम्मे झाले आणि चित्र उलट सुधारलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्याला फोन लावला. आधी टाळाटाळ, मग म्हणाला, "काका, तुमच्या देवाची वस्त्रं वारावर ठरलेली. सात दिवस चांगलं शूटिंग करून ठेवलंय, तेच लावतो. बघणाऱ्याला काय कळतंय?"

"अरे, माणसं हात जोडून बसतात," एवढंच मी बोललो.

तुम्ही बघता ती आरती आत्ताचीच असते, याची कधी खात्री केलीत?

संध्याकाळी त्याचा कॅमेरा उतरवला. माझा मोबाइल स्टँडवर लावला, नेट अडकू नये म्हणून चित्राचा दर्जा एक पायरी खाली ठेवला. आरतीत हलतं ते फक्त निरांजन, त्याला तेवढा पुरतो. दामलेकाकांना सगळं खरं सांगितलं आणि सातच्या आरतीला प्रक्षेपण स्वतः सुरू केलं.