कार्कासोनचा पायथा

सुट्टीत गड बघायला फ्रान्सला जायचं, हे बहारीनच्या हूरा भागातल्या आमच्या मजल्यावर कुणालाच पटलं नाही. शेजारच्या खोलीतले काका मालवणकडचे, रिफाला एका घरी ड्रायव्हर आहेत. संध्याकाळचा चहा ते आमच्याकडेच घेतात. त्यांनी कप खाली ठेवून बाबांना विचारलं, "मिस्तरी, सुट्टी गावाक जावक देतत. घरचो किल्लो सोडून फ्रान्सचो कित्याक?"

बाबा म्हणाले, "त्याची भिंत शाबूत आहे."

माझे बाबा बहारीनमध्ये एसी मिस्तरी आहेत, माझ्या जन्माआधीपासून. इतक्या वर्षांतली त्यांची एकूण एक सुट्टी गावाने खाल्ली. कधी घराचे पत्रे, कधी गणपती, कधी कुणाचं तरी लग्न. इथल्या माणसाची सुट्टी त्याची नसतेच, ती गावाची असते, आणि यात कुणाला काही गैर वाटत नाही. मला वाटतं. मी गेल्या वर्षी इथे अकाउंट्सच्या नोकरीवर आले आणि पहिलं भांडण याच मुद्द्यावर केलं. "स्वतःसाठी एकदा तरी कुठे गेलात का?" असं विचारलं, तर बाबांनी पाकिटातून एक घडी घातलेलं जॉब कार्ड काढलं, कंपनीचं, कामाच्या नोंदीचं. त्याच्या मागे इंग्रजीत एकच शब्द होता. कार्कासोन.

जनाबियातल्या एका व्हिलात ते दर उन्हाळ्याआधी एसी साफ करायला जातात. तिथल्या हॉलमध्ये भिंतभर एका किल्ल्याचा फोटो आहे. दुहेरी तटबंदी, टोकदार टोप्या घातलेले बुरूज, खाली नदी. शिडीवर उभं राहून फिल्टर काढताना तो बरोबर डोळ्यांसमोर येतो. कितीतरी उन्हाळे तो तसाच बघून झाल्यावर त्यांनी घरातल्या मॅडमना नाव विचारलं आणि कार्डावर लिहून घेतलं.

मी ते नाव न अडखळता वाचलं, कारण ते मी आधी छापलेलं होतं. पुण्यात मी गड वाचवणाऱ्या एका गटात होते. मोर्चे, सह्यांची मोहीम आणि पत्रकं. पत्रकं माझ्याकडे. तटावर बाण काढून बदाम कोरणाऱ्यांना, बुरुजाखाली बाटल्या फोडणाऱ्यांना मी काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही. एका पत्रकात मी या कार्कासोनचं उदाहरण दिलं होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या सरकारनेच तटबंदी पाडायचा हुकूम काढला होता. लोक दगड उचलून घरं बांधत होतेच. मग त्याच गावातल्या माणसांनी आरडाओरडा केला, अर्ज लिहिले, पाठपुरावा केला आणि हुकूम मागे घ्यायला लावला. त्या शहराबद्दल मला आदर आहे तो यासाठी. कुणी राजा आला नाही वाचवायला. अर्ज लिहिणाऱ्यांनी वाचवलं. आज आपण तिथे उभे राहू शकतो ते त्यांच्या चिकाटीवर.

बाबांचं कॉन्ट्रॅक्ट या वर्षाअखेर संपतंय. मग रेसिडेन्सी खलास, आणि ते कायमचे गावी. म्हणजे जायचं तर त्याआधी, नाहीतर नाहीच. व्हिसा लागला तसा मी आराखडा बनवला. चार दिवस, तक्ता करून. पहिल्या दिवशी पहाटे पाचला कूच. टॉर्च, शिट्टी, माणशी दोन लिटर पाणी, कोरडी चटणी, दशम्या. सात वाजता बाहेरचा तट, नऊला आतला, सगळा मिळून सुमारे तीन किलोमीटर.

काकांनी तक्ता वाचला. "बाय माझे, आत हॉटेलां आसत. लोक रवतत थंय. तू शिट्टी खंय वाजवतलंस?"

गडावर हॉटेलं. मी याच्याविरुद्ध पत्रकं वाटलेली आहेत. पण बाबा म्हणाले, "लोक राहतात म्हणून तर भिंत राखली असंल. आपल्याकडं वर कोण राहतंय?" मी शिट्टी खोडली आणि आतच एक खोली घेतली. तीन किलोमीटर तसेच ठेवले.

सराव म्हणून शुक्रवारी बाबांना घेऊन मी बहारीन फोर्टवर गेले. काकांनी गाडीने सोडलं, "यल्ला, चला मावळे" म्हणाले आणि सावली शोधायला निघून गेले. पहिल्या पायऱ्यांपाशीच बाबा थांबले. "तू हो पुढं. मी समुद्राचा फोटो काढतो."

मी वर जाऊन आले. वरच्या तटावरून खाली पाहिलं तर ते त्याच जागी, दगडावर बसलेले, दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून. खाली आल्यावर मी त्यांचा फोन मागून घेतला. समुद्राचा एकही फोटो नव्हता.

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे काय. शिडीचा धंदा आहे."

"मग सांगायचं नाही का? मी तीन किलोमीटर लिहून बसलेय. कंपनीला कळवलंत? डॉक्टरकडे? आयुष्यभर शिडीवर चढवलं त्यांनी तुम्हाला, आणि..."

"काढ आता पत्रक माझ्या गुडघ्यावर."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं, तेवढं सांगा."

बाबांनी गुडघ्यावरचे हात काढले. मग म्हणाले, "तूच लिहिलं होतंस. पायथ्याशी फोटो काढून माघारी फिरणाऱ्याने स्वतःला गडप्रेमी म्हणवून घेऊ नये. तू पाठवलं होतंस मला ते. सगळ्या पोरांना वाचून दाखवलं मी कंपनीच्या कॅम्पवर, माझ्या लेकीनं लिहिलंय म्हणून."

ते वाक्य माझंच. मला आवडायचं ते. टाळ्या घेतलेलं वाक्य आहे. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर गाड्या घेऊन येणारी, गाणी लावणारी पोरं होती. गुडघे गेलेला माणूस माझ्या पत्रकात कुठेच नव्हता. तीन वर्षं मी कुणाकुणाला पायथ्यावरून हाकललं असेल, ते मला त्या दगडावर बसल्यावर कळलं. मी म्हटलं, "चुकलं ते वाक्य."

"वाक्य चांगलं आहे," बाबा म्हणाले. "पण आपलं गाव पायथ्याचं, हे तू विसरलीस."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी ते गुरं घेऊन गडावर जायचे. आजी कधीच वर गेली नाही. तिला गड माहीत होता तो अंगणातून. पोरगं वर पोचलं की बुरुजावर उभं राहून पंचा हलवायचं, तो दिसला की ती कामाला लागायची. दिसला नाही तर दिसेपर्यंत तिथेच उभी राहायची. "वरून मला काय दिसायचं? गुरं. गड तिलाच दिसायचा, सगळाच्या सगळा," बाबा म्हणाले. "व्हिलातला तो फोटो पण खालूनच काढलाय."

त्या संध्याकाळी मी तक्ता फाडला आणि नवा केला. गडाच्या आतली खोली रद्द, नदीच्या अलीकडची घेतली. नदीवर एक जुना पूल आहे, गाड्या जात नाहीत, तिथून अख्खा किल्ला दिसतो. पहिल्या दिवशी: सावकाश उठणे, पुलावर जाणे, बसणे. काकांनी दशम्या तेवढ्या ठेवायला लावल्या, थंय पाव खाऊन पोट बिघडतलां म्हणून.

अकराच्या रकान्यात बाबांनी स्वतः पेन घेऊन लिहिलं: लेक तटावर जाईल, ओढणी हलवेल.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी माझ्या ओढण्या पलंगावर पसरल्या. मी राखाडी उचलली, फ्रान्सला शोभेल अशी. बाबांनी ती बाजूला सारली.

"दगडात दिसणार नाही," म्हणाले, आणि लाल काढली.