स्वराची नस

बाजारात सगळे त्याला भोंगा म्हणायचे. फुलांचा लिलाव पुकारणं हे त्याचं काम. उलट्या खोक्यावर उभं राहून त्याने भाव पुकारला, की पार शेवटच्या गाळ्यातला व्यापारीही बोट वर करायचा. "माईक कशाला? आम्हाला जन्मतःच बसवून मिळालाय," असं तो ऐटीत सांगे.

आवाज बसला तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं. गुळण्या केल्या, काढे घेतले. मग एकदा दाढी करताना कंठाखाली उजवीकडे सुपारीएवढी टणक गाठ बोटाला लागली, आणि बायकोने त्याला ओढतच इस्पितळात नेलं.

तपासण्या झाल्यावर सर्जनबाईंनी स्वतःच्याच गळ्यावर बोट ठेवून समजावलं. "ही श्वासनलिका. हिच्या मागे अन्ननलिका. दोन्हींच्या मधल्या खोबणीतून स्वराची नस वर जाते, सुतासारखी बारीक. तुमची गाठ थायरॉइडची आहे. कॅन्सरची. ती मागे सरकून त्या नसेत घुसलीय."

"मग सोडवा की."

"सुटली तर सोडवीनच, नाहीतर नस कापावी लागेल. आणि बाजूला मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आहे. गाठीने तिला विळखा घातला असेल, तर तिथे मला हात घालता येणार नाही."

"म्हणजे आवाजही जाणार आणि गाठही राहणार?"

बाईंनी गळ्यावरचं बोट खाली घेतलं. "तसं होऊ शकतं."

"असला सौदा मी बाजारात कुणाला करू दिला नसता," तो म्हणाला आणि हसला. बायको हसली नाही.

तसंच झालं. नस कापावी लागली, आणि धमनीभोवतालची गाठ तशीच ठेवून गळा शिवावा लागला. तोंडातून आता नुसती हवा यायची. पाणी पितानाही ठसका लागे; हनुवटी छातीला टेकवून घोट घोट प्यायला बायकोने त्याला शिकवलं.

तरी तो कामावर गेला. मालकाने हौसेने कर्णा आणून दिला. त्याने तो तोंडाशी धरून भाव पुकारला. बाजारभर फक्त फुसफुस घुमली. दोघे-तिघे फिस्सकन हसले, आणि मग सगळेच खाली फुलांकडे बघू लागले. त्याने कर्णा अलगद खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मालकाचा मेहुणा पुकारू लागला आणि तो रिकामी खोकी रचू लागला.

घरी त्याची म्हातारी आई होती. तिला डोळ्यांनी दिसत नसे. पूर्वी आत आल्याबरोबर "आई, आलो गं!" म्हणून तो ओरडायचा, आणि ती "उपकार झाले!" म्हणायची. आता तो शेजारी येऊन बसला, की ती दचकायची.

"कोण?"

तो तिचा हात हातात घ्यायचा.

"तूच का रे? मग बोल ना."

"त्याला बोलता येत नाही, आई. सांगितलंय ना तुम्हाला," बायको आतून म्हणायची.

"कळतं गं मला. वेडी नाही मी. पण हात काय, कुणाचाही असतो."

पावसाळा संपता संपता गळ्याची सूज वाढली. औषधं, किरणं सगळं करून झालं होतं. सर्जनबाईंनी गळा चाचपला, फिल्म उजेडात धरली आणि ती पाकिटात परत घातली. "आता दुखणार नाही एवढं बघू," त्या म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. बाहेर बाकावर बसून बायकोने विचारलं, "आईंना काय सांगायचं?"

त्याने ओठ हलवले. गाड्यांच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.