मावशीची किल्ली

आमच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईच्या गळ्यात एक किल्ली असायची. काळ्या दोरीत ओवलेली, पितळेची, कायम ब्लाउजच्या आत. मला आधी वाटलं, तिजोरीची असेल. मग कळलं की ती तिच्या चर्चच्या तळघरातल्या हॉलची आणि त्याला लागून असलेल्या स्वयंपाकघराची आहे. तिजोरीची किल्ली पास्टरसाहेबांच्या कुठल्या तरी कोटात असायची आणि महिन्यातून एकदा हरवायची. त्याचं कुणाला फारसं वाटायचं नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही न्यू जर्सीत, पार्सिपनीजवळ एका अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहत होतो. नवरा इंजिनिअर, मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मुलगी चार वर्षांची. ही बाई खालच्या मजल्यावर. मूळची जमैकाची, चाळिशीतली. रात्री एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उठबस करायची आणि दिवसा आमची मुलगी सांभाळायची. ती झोपायची कधी, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मुलीसाठी दुसरी सोय बघावी लागली असती.

मुलगी तिला मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही मावशीच म्हणू लागलो. ती मला सिस्टर म्हणायची. नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे तिच्या मते माणसाला गुराढोरांत काढणं.

तिच्या खोलीत सोफ्याशेजारी एक भलंमोठं निळं पिंप होतं. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. पिंपाच्या पोटात साबण, तांदूळ, मोजे, डबाबंद मासे. भरलं की ते जहाजाने जमैकाला जायचं, तिच्या आईकडे. तिथे तिची तीन मुलं होती. कागदपत्रं झाली की ती येणार होती आणि कागदपत्रं चार वर्षं होतच होती. मुलांच्या पत्रांतून त्यांच्या पावलांचे पेन्सिलने काढलेले आकार यायचे, बुटांच्या मापासाठी. ते कागद तिने बायबलमध्ये ठेवले होते.

धर्माच्या बाबतीत मावशी म्हणजे पोलादी काम. दारू नाही, पत्ते नाहीत, लिपस्टिक नाही, पँट नाही. आमच्याकडच्या कडक एकादशी करणाऱ्या आत्यासुद्धा फराळ झाला की रमीला बसायच्या, पण मावशीच्या धर्मात अशी मधली सुट्टीच नव्हती. बुधवारी प्रार्थना, शुक्रवारी उपास, शनिवारी हॉलची झाडलोट, रविवारी सकाळपासून दुपार कलेपर्यंत चर्च. चैन फक्त एकच, हॅट. रविवारची तिची जांभळी हॅट एवढी मोठी होती की मागच्या बाकावरच्यांना पास्टर दिसत नसत. त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

प्रार्थनेनंतर सगळ्या चर्चला ती जेवू घालायची. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात मी तिच्याकडेच पहिल्यांदा खाल्ला आणि कोकणातल्या माझ्या माहेराबद्दलचा गर्व थोडा उतरला. त्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डावाची जागा ठरलेली होती. किल्ली म्हणजे ते राज्य. त्या राज्याकडे चर्चमधल्या दोन भगिनी अत्यंत प्रेमाने डोळे लावून बसलेल्या होत्या. मावशीला साधा खोकला झाला तरी त्या तिच्यासाठी प्रार्थना करायच्या आणि दोरीकडे बघायच्या.

आता आमचा धर्म. आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव दर वर्षी एका शाळेच्या जिममध्ये व्हायचा. त्या वर्षी आठ दिवस आधी अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे नागपूरचे हृदयविकारतज्ज्ञ. कमिटीच्या मीटिंगमध्ये मात्र दुसऱ्यांचा रक्तदाब वाढवायचे.

"वहिनी, डिझास्टर झालाय. शाळेने जिम कॅन्सल केलं. फ्लोअर पॉलिश करतायत म्हणे. आता बाप्पाला काय पार्किंग लॉटमध्ये बसवायचं?"

मला त्या वर्षी कमिटीत जायचं होतं. हे आज सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. मी म्हणाले, "हॉल मी बघते. यू डोन्ट वरी."

त्याच संध्याकाळी मी खाली गेले. मावशीने चर्चचा नियम समजावून सांगितला. वाढदिवस, बारसं, दुखवट्याचं जेवण अशा घरगुती कामांसाठी हॉल द्यायचा अधिकार किल्लीवालीचा. बाकी कशासाठीही पास्टर आणि पंच मंडळींची परवानगी. आणि किल्लीवालीने भलत्या कामासाठी दार उघडलं, तर किल्ली गेली.

"तुमचं काय आहे, सिस्टर?"

अमेरिकन शेजाऱ्यांना गणेश चतुर्थी समजावताना आम्ही सगळेच एक सोपं वाक्य टाकायचो. तेच मी टाकलं. "वाढदिवस आहे."

"कुणाचा?"

"आमच्यातल्या सगळ्यांत लाडक्या मुलाचा."

"केवढा झाला?"

इथे मी थांबायला हवं होतं. "पाच," मी म्हणाले.

मावशीचा चेहरा एकदम मऊ झाला. "मी निघाले तेव्हा माझा धाकटा पाचच वर्षांचा होता," ती म्हणाली. "घ्या हॉल."

वर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "अगं, पण टेक्निकली गणेशजयंती माघात असते." या सगळ्या प्रकरणात आमच्या बाजूने घेतला गेलेला हा एकमेव नैतिक आक्षेप.

शनिवारी सकाळी मावशीने दार उघडून दिलं. तिला कामं होती. तिने गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. चार वर्षांत मी ती दोरी तिच्या गळ्याबाहेर पाहिली नव्हती. "पाचला येते," ती म्हणाली.

मी हिशेब केला. बाराला आरती, एकला जेवण, तीनला आवराआवर. पाचला हॉल झाडून-पुसून लख्ख, बाप्पा डॉक्टरांच्या गाडीत. मावशीला काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

पण हा हिशेब मराठी मंडळाचा होता. मूर्ती स्टेट कॉलेज नावाच्या, चार तासांवरच्या गावाहून येणार होती. तिथे पीएच.डी. करणाऱ्या एका मुलाने ती मुंबईहून विमानात मांडीवर बसवून आणली होती. तो रस्ता चुकला. मग अध्यक्षांचं भाषण झालं. मग माजी अध्यक्षांचं, कारण नाही झालं तर ते रुसतात. मग वरच्या मजल्यावर बाप्तिस्म्याचा हौद आहे असं कळल्यावर अध्यक्षांच्या डोळ्यांत चमक आली. "वहिनी, विसर्जन इथेच उरकून टाकू या का? इट्स सो कन्व्हीनिअंट." मी म्हणाले, तसं केलंत तर मी परत भारतात जाईन. मग मोदक गरम करायचे राहिले होते. आरती सुरू झाली ती पावणेपाचला.

आणि आमच्या आरत्या एकदा सुरू झाल्या की आवरत नाहीत. प्रत्येक जिल्ह्याची एक आरती राहिलेली असते.

मावशी जिन्यावरून उतरत होती तेव्हा तिला आतून टाळ्या ऐकू आल्या. तिला वाटलं, वाढदिवसाचं गाणं चाललंय, आपल्याला उशीर झाला. म्हणून तिने जिन्यावरच मेणबत्त्या पेटवल्या. दार ढकलून ती आत आली तेव्हा अंगात रविवारचा झगा, डोक्यावर जांभळी हॅट, हातांत पांढरे हातमोजे, काखेत रंगीत कागदातलं पुडकं आणि पुढ्यात केक. केकवर पाच मेणबत्त्या. ती हसत होती आणि तोंडाने गाणंही सुरू केलं होतं.

आरती एकेक आवाज गळत गळत थांबली. आरतीची कॅसेट लावलेला टेपरेकॉर्डर तेवढा चालू राहिला.

"कुठे आहे आमचा मुलगा?" तिने विचारलं.

माझी मुलगी पुढे धावली आणि बोट दाखवून मोठ्यांदा म्हणाली, "देअर ही इज, मावशी! दॅट्स हिम!"

मावशीने बघितलं. सोंड बघितली, मोदकांचा ढीग बघितला, समईकडे बघितलं. मग सगळ्यांतून मला शोधून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिने मान वाकवून मेणबत्त्या विझवल्या, एकेक करून पाचही, आणि केक घेऊन स्वयंपाकघरात गेली.

मी मागोमाग गेले. ती हातमोजे काढत होती.

"कुणाचा वाढदिवस, हे मी विचारलं होतं, सिस्टर."

"त्याचाच असतो," मी म्हणाले. देवाशपथ, मी असं म्हणाले.

"पाच वर्षांचा?"

तिने बाह्या वर केल्या आणि आमची साखरभाताची करपलेली पातेली घासायला घेतली. हॉल आपल्या नावावर दिलाय, तेव्हा स्वच्छ होईपर्यंत ती जाणार नव्हती. तेवढ्यात अध्यक्षांनी दारातून डोकं आत घातलं. त्यांना वाटलं, हॉलमधली शांतता केकमुळे आहे, तेव्हा ते कारण आपण दूर करावं. "वहिनी, कमिटीचा एक छोटा डाउट आहे. तो केक एगलेस आहे का?"

कमिटीची चर्चा चालू असतानाच पोरांनी केक संपवला. जाताना मी किल्ली परत दिली. तिने ती गळ्यात घातली नाही, पर्समध्ये टाकली. पुडकं परत काखेत घेतलं आणि निघाली.

कुणालाही काही कळलं नव्हतं. हॉल लख्ख होता, धूप-कापराचा वास उद्यापर्यंत गेला असता. मावशी गप्प बसली असती तर किल्ली जन्मभर तिच्या गळ्यात राहिली असती. पण तिच्या चर्चमध्ये एक रीत होती. दर रविवारी ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि आठवड्यात आपल्या हातून काय घडलं ते देवासमोर, चारचौघांत सांगायचं. मला ही रीत माहीत होती. म्हणून रविवारी मी गेले. जाताना गाडीत इंग्रजी वाक्यं पाठ केली होती: चूक माझी आहे, मी खोटं बोलले, तिला काही माहीत नव्हतं. तीनच वाक्यं.

शेवटच्या बाकावर बसले. दोघा-तिघांचं सांगून झालं. कुणाची गुडघेदुखी बरी झाली होती, कुणाला नोकरी लागली होती. मग जांभळी हॅट उभी राहिली.

"काल मी देवाच्या घरात दुसऱ्या देवाला जागा दिली," मावशी म्हणाली. "कशासाठी हवी आहे, ते मी नीट विचारलं नाही. पाच वर्षांचं मूल म्हटल्यावर माझं मन हललं आणि मी विचारायचं सोडलं. दोष माझा आहे."

बस. माझं नाव नाही, आमचा उल्लेख नाही. ती पुढे गेली आणि वेदीसमोरच्या टेबलावर किल्ली ठेवली.

पास्टर क्षमेवर बोलले. इतकं लांबलचक आणि इतकं गोड बोलले की मला वाटलं, आता किल्ली तिला परत मिळणार. क्षमा संपली आणि किल्ली त्या वाट बघणाऱ्या दोघींपैकी एकीला मिळाली. दुसरीने सगळ्यांत जोरात हालेलुया म्हटलं आणि डोळे पुसले.

"आणखी कुणाला उभं राहायचंय?" पास्टरनी विचारलं. त्यांची नजर शेवटच्या बाकापर्यंत आली आणि माझ्यावर टेकली. अख्ख्या चर्चमध्ये पंजाबी ड्रेस घातलेली मी एकटीच होते.

मी उठले नाही. वाक्यं पाठ होती. पाय हलले नाहीत, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पाय ठीक होते. मी भित्री होते, एवढंच. शिवाय संध्याकाळी मंडळाची मीटिंग होती आणि हॉल मिळवल्याबद्दल माझा सत्कार व्हायचा होता. तो झाला. शाल आणि नारळ.

सोमवारी मुलीला घेऊन खाली गेले. दार उघडेल की नाही, याची मला खात्री नव्हती. मावशीने दार उघडलं, मुलीला आत घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "सिस्टर, हिने दूध घेतलंय का?" आत निळ्या पिंपाचं झाकण बाजूला होतं. सगळ्यांत वर पांढरा शर्ट होता, पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचा, लाल बो लावलेला. तिच्या धाकट्याला तो कधीच झाला नसता. तो आता नऊ वर्षांचा होता.

त्यानंतर तिने त्या दिवसाचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. रविवारी ती चर्चमध्ये जायची, आणि नव्या किल्लीवालीच्या हाताखाली भांडी घासायची. मी कमिटीत गेले. मंडळाच्या सामानाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. ती मी दोनदा हरवली.

पुढच्या वर्षी शाळेच्या जिमचं पॉलिश शाबूत होतं, उत्सव तिथेच होता. चतुर्थीला रजा मिळाली नाही, म्हणून सकाळी पूजेला नेसलेल्या साडीतच मुलीला खाली सोडायला गेले. मावशीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वाढदिवस आहे वाटतं आज?"

"हो," मी म्हणाले.

"म्हणजे सहा वर्षांचा झाला."

मी दारात उभी राहिले. आत्ता बोल, मी स्वतःला म्हणत होते, तीनच वाक्यं आहेत. तिनेही घाई केली नाही. मुलीची बॅग खुंटीला अडकवली, बूट काढले, तोवर वाट बघितली.

"सहावं वर्ष जपायचं असतं, सिस्टर," शेवटी ती म्हणाली. "या वयात मुलं खोटं बोलायला शिकतात. वेळीच कुणी कान धरला नाही, तर मोठेपणी सुटत नाही."

मी मान हलवली, उशीर होतोय म्हणाले आणि गाडीकडे निघाले.