रक्त न येणाऱ्या हिरड्या

मी दातांचा डॉक्टर झालो तो माझ्या वहिनीमुळे. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो, थोरला भाऊ सैन्यात. कोरेगावजवळच्या आमच्या घरात नवीनच आलेली वहिनी त्या वयातही मला 'भावजी' म्हणायची आणि माझ्यासाठी ऊस दातांनी सोलायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीत तिचे कष्ट जास्त आहेत.

तिला मिश्रीची सवय होती. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची आणि रोज सकाळी बोटानं हिरड्यांना लावत दारात बसायची. मिश्रीनं दात घट्ट राहतात, असं आमच्याकडच्या बायका मानतात.

सांगलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत मोठ्या ऐटीत तिला विचारलं, हिरड्यांतून रक्त येतं का?

"पयलं यायचं. मिश्री लावाय लागल्यापासनं थेंब न्हाई."

मग हिरड्या उत्तम आहेत, असं मी सांगून टाकलं. पुढे भावानं मिश्री सोडायला सांगितली, तर ती त्याला म्हणाली, "डाक्टर घरात हाय माझ्या. भावजी बरं म्हणत्यात, मग तुमचं कशाला ऐकू?"

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत तिनं मला ऊस दिला तो कोयत्यानं सोलून. मी बॅटरी आणली. तिचे खालचे पुढचे दात बोटानं हलत होते. सांगलीला नेऊन एक्स-रे काढला. परत जाताना स्टँडवर तिनं विचारलं, "ऱ्हातील न्हवं दात?" मी म्हणालो, बघू. गाडी सुटली. त्याच दिवशी मी तिला हे पत्र टाकलं.

तीर्थरूप वहिनीस सा. न.

स्टँडवर मी 'बघू' म्हणालो, पण मला तेव्हाच माहीत होतं. खालचे पुढचे चार दात काढावे लागतील. दातांच्या मुळाशी कीटण साठत गेलं, हिरडी सुजून दातापासून सुटली आणि आत फट पडली. त्या फटीत घाण जाऊन दात धरून ठेवणारं हाड झिजलं. हे दुखत नाही, म्हणून कळत नाही. रक्त आलं असतं तर कळलं असतं. तंबाखूनं हिरडीतल्या रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात, म्हणून ते थांबलं होतं. मी त्यालाच बरं म्हणालो. अर्धवट शिकून बोललो आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

झिजलेलं हाड परत येणार नाही. बाकीचे दात टिकवायचा प्रयत्न करू, पण त्यासाठी मिश्री सोडावी लागेल. सोडल्यावर कदाचित रक्त येऊ लागेल. घाबरून परत डबीला हात लावू नकोस, मला कळव.

सोमवारी ये. मी स्टँडवर असेन. हे तुझ्यासमोर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहिलं.

तुझा भावजी