फ्लिंक म्हणणाऱ्या आजी

एकदाच टाळी वाजवायची आणि म्हणायचं, "फ्लिंक!" अमेरिकेत, रेडमंडच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नॉर्वेच्या आजींची ही सवय. कुत्रा खाली बसला, फ्लिंक. मी बरणीचं घट्ट झाकण उघडलं, फ्लिंक. अर्थ विचारला तर म्हणाल्या, "हुशार. म्हणजे, ज्याला जमतं तो." आता बसण्यात कुत्र्याची कसली हुशारी? आपल्याला कुणी उगाच 'शहाणी गं' म्हटलं की आपण सावध होतो की नाही? मीही झाले.

त्यात दीड वर्षाचा झाला तरी माझा निनाद चालत नव्हता. डॉक्टर म्हणायचे, वाट पाहू. मला अन्न गोड लागेना. तो सोफा धरून उभा राहायचा आणि धपकन पडायचा. आजींची टाळी ठरलेली. "फ्लिंक!" ही थट्टा की कौतुक, कळेना. कौतुक असेल तर आणखीच पंचाईत. पोराला दृष्ट लागली म्हणजे?

एकदा आजी खाली गेल्यावर मी मीठ-मोहऱ्या त्याच्यावरून उतरवल्या. टाकायला चूल कुठली? इलेक्ट्रिक शेगडीच्या लाल कॉइलवर टाकल्या. तडतड, धूर, आणि छतावरचा अलार्म किंचाळू लागला. आजी धापा टाकत वर आल्या आणि टॉवेलने अलार्मला वारा घालू लागल्या. मी खिडकी उघडली. "फ्लिंक!"

"टेन्शन नको घेऊस यार," नवरा म्हणाला, "प्रेमाने म्हणतात त्या." मला काही ते पटलं नाही.

पुढे निनाद चालायला लागला आणि त्याच हिवाळ्यात आजी ओल्या पायऱ्यांवरून घसरल्या. खुबा मोडला. त्यांचा मुलगा त्यांना मिनेसोटाला न्यायला आला. वॉकर धरून एकेक पाऊल टाकत त्या गाडीकडे निघाल्या, तर निनादने टाळी वाजवली. "आजी, फ्लिंक!"

त्या थांबल्या. "मी? मला आता काय जमतंय?"

मी धावत वर गेले, मूठभर मीठ-मोहऱ्या आणल्या आणि भर पार्किंगमध्ये त्यांच्यावरून उतरवल्या. त्यांचा मुलगा बघतच राहिला.

"हे काय?" आजींनी विचारलं.

"फ्लिंक माणसांची दृष्ट काढतात."

त्यांना काय कळलं, देव जाणे. पण हसल्या. मला त्या किती आवडायच्या, ते मला तिथे कळलं.

गाडी गेली. वर येऊन मी मूठ कॉइलवर रिकामी केली. अलार्म वाजायला लागला. निनाद धावत गेला आणि दार उघडून जिन्याकडे बघत उभा राहिला.