त्या भाषेत तो, का ती?
कुठे चिंबोऱ्यांचं कालवण शिजत असलं, की मला खारघरच्या हॉस्पिटलमधली ती सकाळ आठवते. माझ्या सासूबाई सारसोळ्याच्या कोळीण, जन्मभर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकलेल्या. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. तरुण डॉक्टर समजावत म्हणाले, "कॅन्सर हा लॅटिन शब्द आहे, आजी. अर्थ खेकडा. गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसायच्या, म्हणून हे नाव." सासूबाई गोंधळल्या. "मी चिंबोऱ्या खाल्ल्या म्हनून झाला?" "नाही हो, नुसतं नाव आहे." मग त्या म्हणाल्या, "त्या भाषेत तो, का ती?" डॉक्टर म्हणाले, "तो. पुल्लिंगी." सासूबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग नर हाय. नराच्या पोटात अंडी नसतात. वाढायचा नाय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हा दिलासा मोडावा की राहू द्यावा, आम्हा दोघांनाही सुचेना. ऑपरेशनला त्या हसत गेल्या. वर्षभराने गाठ यकृतात सापडली, तेव्हा माझा हात धरून त्यांनी विचारलं, "तो नर व्हता ना गो?" मी "हो" म्हणाले. व्याकरणाप्रमाणे ते खरंच होतं. पण मी बरोबर बोलले का, हे त्या गेल्या, तरी आजही मला कळलेलं नाही.