राजाराम घाडीचे अमेरिकन झेंडे

राजाराम घाडीने पहिल्याच भेटीत भर लालबागमध्ये माझ्या अंगावरचा सदरा उतरवायला घेतला. मी फुटपाथवरून सरळ चाललो होतो. समोरून एक काटकुळा माणूस आला, माझी बाही चिमटीत धरून उन्हाकडे तोंड करून बघू लागला आणि गरजला, "ओ साहेब, कुठल्या गाढवाने विणलंय हे?" बघता बघता अर्धं लालबाग गोळा झालं. एका बसच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून मान बाहेर काढली. समोरच्या गॅलरीतल्या म्हातारीने चष्मा पुसून घातला. मी ओरडलो, "अहो, सोडा!" तो म्हणाला, "सोडतो, पण काखेत फाटणार. दिवाळी बघत नाय हा."

सदरा गणपतीतच फाटला, तोही काखेत. मी मुकाट त्याची चाळ शोधत गेलो.

राजाराम गिरणीत एकवीस वर्षं मागावर होता. संप झाला, गिरणीचं दार त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. मग त्याने खोलीत शिलाई मशीन मांडलं आणि मंडळांच्या पताका, माझगावच्या कोळ्यांच्या होड्यांवरचे बावटे शिवू लागला. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. कुणी हळहळलं की तो ताठ बसून सांगायचा, "गिरणीने कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. हात बिघडला असं कुणी सांगितलं नाय."

मी गिरगावातल्या एका निर्यातीच्या ऑफिसात नोकरीला होतो. आमच्याकडे अमेरिकेहून मागणी आली : त्यांच्या देशाचे दोन जुने झेंडे, बारा-बारा असे चोवीस नग, छापलेले नकोत, शिवलेले हवेत, आणि टिकाऊ. मालक एका कारखान्याला काम देऊन मोकळे होणार होते. मी राजारामचं नाव पुढे केलं. "माल पास झाला नाही, तर पुन्हा त्या माणसाचं नाव काढू नका," मालक म्हणाले. हे मी राजारामला जसंच्या तसं सांगितलं. त्याने मशीनवरची पताका बाजूला सारली. मग म्हणाला, "चित्रं दाखव."

पहिल्या चित्रात तेरा पट्टे आणि निळ्या चौकोनात गोल मांडलेले तेरा तारे होते. "सुरुवातीला त्यांची तेराच राज्यं होती," मी सांगितलं. "गोल अशासाठी, की कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही."

"शहाणी माणसं," राजाराम म्हणाला. "आमच्या मंडळाच्या फोटोत पुढे कोण बसणार यावरून दोन वर्षं अध्यक्ष आणि खजिनदार बोलत नायत."

दुसरा झेंडा पिवळा. त्यावर वेटोळं घातलेला खुळखुळ्या शेपटीचा साप, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं : माझ्यावर पाय देऊ नका. हा साप आधी शेपूट वाजवून सावध करतो, मगच चावतो, हे ऐकल्यावर राजाराम त्याच्या प्रेमातच पडला. "म्हणजे आधी नोटीस देतो! आमच्या गिरणीमालकापेक्षा बरा."

मग कापड. मला वाटलं, जन्मभर सूत विणलेला माणूस सुतीच घेणार. पण त्याने सुतीचा तागा हातात घेऊन जरा वेळ कुरवाळला आणि परत ठेवला. "सूत पाणी पितं. जड होतं, मग स्वतःच्याच वजनाने फाटतं. नायलॉन हलकं, झुळुकीतही फडकतं. पण सोसाट्याच्या वाऱ्याला जाड, मोकळ्या विणीचं टेरिलीन पाहिजे. वारा आरपार जायला हवा. आणि एक ध्यानात ठेव, झेंडा काठीकडून कधी फाटत नाय. मोकळं टोक चाबकासारखं आपटतं, ते आधी जातं."

सगळं झकास चाललं होतं. तारे झाले, पट्टे झाले, आठ साप कापून शिवून झाले. चार साप उरले आणि नागपंचमी आली. दुसऱ्या दिवशी चार वाजता माल पास करणारा तपासनीस येणार होता. मी सणाच्या सकाळीच पोचलो, तर राजारामची बायको मंजुळा कातरीवर पाट ठेवून पाटावर बसली होती.

"आज चिरूचा नाय, कापूचा नाय. सांगून ठेवतंय."

"अगो, कापडाचो साप तो!" राजाराम विनवत होता.

"तेच्यार लिवलेला आसा ना, पाय देव नको म्हणान? आणि तुमी तेका कातर लावतास?"

राजारामने कपाळाला हात लावला. पण रिकामं बसणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने तयार झालेले वीस झेंडे पुढे ओढले. मोकळ्या टोकाला शिलाईच्या दोन ओळी होत्या, तिथे चार घातल्या; कोपऱ्यांना आधीच कापलेले तुकडे दुहेरी लावले. दोरासुद्धा दाताने तोडला. संध्याकाळी त्याचे ओठ रंगीत धाग्यांनी भरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उरलेले चार साप कापून, शिवून, त्याच चार ओळींनी पक्के झाले.

तपासनीस डिमेलोसाहेब खोताच्या वाडीतले. नाकापुढे भिंग धरून त्यांनी तारे मोजले, सापाच्या शेपटीचे खुळखुळे मोजले. मग मोकळं टोक दोन्ही हातांनी खेचलं.

"असं नाय," राजाराम म्हणाला. "जोर लावा. ओ, तू इकडून धर."

मी काठीकडून, साहेब टोकाकडून. सबंध चाळ गॅलरीत उभी. "ओढ, साहेबा, ओढ!" कुणीतरी ओरडलं. साहेबांनी कोट काढला, पाय रोवले, तोंड लालबुंद झालं. माझ्या हातातून काठीकडची बाजू सुटली आणि डिमेलोसाहेब थेट मंजुळाच्या पिंपाला जाऊन टेकले. झेंड्याचा टाका हलला नव्हता.

साहेब विजार झटकत उठले. "हे कुठल्या कारखान्यात शिवलं?"

"ह्या," राजाराम म्हणाला आणि दोन्ही हात पुढे केले.

चोवीसही झेंडे पास झाले. त्या संध्याकाळी राजाराम चाळीच्या जिन्यावर असा बसला होता, की वर जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या शेजारून अंग चोरून जावं लागलं, आणि प्रत्येकाला त्याने चार ओळींच्या शिलाईचं कारण समजावून सांगितलं. मंजुळाने मला घावणे वाढले आणि म्हणाली, "माझ्यामुळेच झाला ह्या." ते खरंच होतं.

पाच महिन्यांनी अमेरिकेहून आभाराचं पत्र आलं. चोवीसही झेंडे तिथल्या शाळांच्या वर्गांत, काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावले होते.